बोटॉक्सनंतर डाव्या डोळ्याची पापणी पडलीय, लग्न १५ दिवसांवर आहे (कोल्हापूर)

रंकाळाकाठ | ३ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आजवर इथे पाककृती आणि रांगोळीच्या धाग्यांवरच लिहिलंय, त्यामुळे हा विषय काढताना हात अडखळतोय. घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे.

वय ४६. दोन भुवयांच्या मधे उभ्या आठ्या आहेत, अगदी अकराचा आकडा. पतसंस्थेत काउंटरवर बसते. समोरचा माणूस स्लिप पुढे करायच्या आधीच विचारतो, ‘मॅडम, रागावलाय काय?’ १८ फेब्रुवारीला भावाच्या मुलीचं लग्न आहे. एकुलती एक आत्या, म्हणजे प्रत्येक फोटोत मी असणारच. म्हणून २९ जानेवारीला राजारामपुरीकडच्या एका क्लिनिकमध्ये जाऊन बोटॉक्स करून घेतलं. लग्नसराईची ऑफर होती. पाच टोचे, दहा मिनिटं, संपलं.

तीन दिवस काहीच नाही. काल सकाळी डावा डोळा जड वाटला. झोप झाली नसेल म्हणून सोडून दिलं. आज आरशात बघते तर डावी पापणी जवळजवळ बाहुलीपर्यंत उतरलेली, आणि उजवा डोळा वटारल्यासारखा मोठा. संध्याकाळी आणखी वाईट. दुखत नाही, एकाचे दोन दिसत नाहीत.

क्लिनिकला फोन केला. ‘एखाद्याला होतं असं, जाईल आपोआप.’ कधी, तर ‘दोन-तीन महिने.’ आणि फोन ठेवला.

ऑफिसमध्ये काळा चष्मा लावून बसले. डोळे आलेत म्हणून सांगितलं. त्याचा एक फायदा झाला, लोक नोटा लांबूनच सरकवतात. पण लग्नात काळा चष्मा? याला काही उपाय आहे का? कुणाला अनुभव आहे का? कृपया ‘कशाला करायला गेलात’ सोडून बाकी काहीही लिहा.

तिखटमीठ | ३ फेब्रुवारी, रात्री १०:५८

कशाला करायला गेलात?

(माफ करा, राहवलं नाही. पण खरंच, ४६ व्या वर्षी आठ्या असणारच की.)

खासबागची_पोरगी | ३ फेब्रुवारी, रात्री ११:१०

तिखटमीठ, तुमच्या केसांना कलप हाय का न्हाई ते आधी सांगा, मग बोलू.

ताई, घाबरू नका. मी पण दोन वर्सामागं घेतलो होतो, कपाळावर. माझी पापणी न्हाई, भुवईच खाली आलती. सगळं कपाळ डोळ्यावर ठेवल्यागत. आरशात बघितलो की मला माझी आजी दिसायची. दोन म्हैन्यांत सगळं जिथल्या तिथं. आता आठवलं तरी हसू येतंय, तवा रडलो होतो लई.

पेठेतला_पंत | ३ फेब्रुवारी, रात्री ११:२१

खासबागची पोरगी, ‘घेतलो होतो’, ‘रडलो होतो’? आपण बाई की बुवा? आयडी तर पोरगी म्हणतोय.

खासबागची_पोरगी | ३ फेब्रुवारी, रात्री ११:२४

कोल्हापूरची बाई हाय. आमच्यात बायका पण येतो-जातोच म्हणत्यात. तुमच्या व्याकरणाचा धागा वेगळा काढा, पंत. इथं ताईंचा डोळा बघूया.

तूपरोटी | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

रात्री झोपताना देशी गाईचं तूप पापणीवर लावून हलक्या हाताने चोळा. सोबत त्राटक. माझ्या मामींना चेहऱ्याचा लकवा मारला होता, त्यांना गुण आला. केमिकल शरीरातून बाहेर काढायचं असेल तर सकाळी कोमट पाणी.

जर्सीकर | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:०३

इथे अमेरिकेत यावर डोळ्यांत घालायचे थेंब मिळतात. अपनीक नाव. २०२० च्या जुलैमध्ये मोठ्या माणसांच्या पडलेल्या पापणीसाठी मंजूर झाले. आत ऑक्सिमेटाझोलीन असतं, ०.१ टक्का. माझ्या ऑफिसमधली एक जण रोज सकाळी एक थेंब घालते. तिचं बोटॉक्समुळे नाही, वयामुळे आहे, पण पापणी वर गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. भारतात मिळतात का, बघा.

बिंदू_चौक | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

ऑक्सिमेटाझोलीन? अहो, ते तर सर्दीत नाकात घालायच्या थेंबांत असतं! कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. अमेरिकेहून कशाला मागवायचं? नाकातलेच डोळ्यात घाला, काम झालं. 😀

डोळेतपासनीस | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:४१

बिंदू चौक, हसण्यावारी नेऊ नका, कुणीतरी खरंच करेल. नाकाचे थेंब डोळ्यात घालायचे नाहीत. औषधाचं नाव एक असलं तरी नाकाच्या बाटलीतलं प्रमाण, त्यात मिसळलेले टिकाऊ पदार्थ, आम्लता, सगळं नाकासाठी बेतलेलं असतं. बुबुळ भाजून घ्यायचं असेल तरच हा प्रयोग करा.

मी मिरजेत डोळ्यांचा डॉक्टर आहे. ओपीडी सुरू व्हायची आहे, दुपारी सविस्तर लिहितो. रंकाळाकाठ, तोवर तीन गोष्टी करा.

पापणी चोळू नका. तुपानेही नाही, कशानेही नाही.

डाव्या भुवईला बोटाने हलकेच वर धरा. डोळा पूर्ण उघडला तर भुवई खाली आली आहे, खासबागच्या ताईंसारखी. भुवई धरूनही पापणीची कड बाहुलीवरच राहिली तर पापणीच पडली आहे. दोन्हींचं कारण वेगळं, उपायही वेगळा.

दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत का, ते उजेडात नवऱ्याला बघायला सांगा. आणि चार-पाच वर्षांपूर्वीचा, समोरून काढलेला एखादा फोटो शोधून ठेवा.

रंकाळाकाठ | ४ फेब्रुवारी, दुपारी १:२०

डॉक्टर, मनापासून आभार. डब्याच्या सुट्टीत लिहितेय. भुवई धरून पाहिली, पापणी तशीच. बाहुल्या सारख्याच आहेत. (नवरा टॉर्च घेऊन इतका जवळ आला की सासूबाईंनी दारातून विचारलं, काय चाललंय!)

फोटो २०१९ च्या पुरातला सापडला. आम्ही शाळेतल्या छावणीत चपात्या लाटायला जायचो तेव्हाचा. केस विस्कटलेले, आठ्या भरपूर, पण दोन्ही डोळे अगदी सारखे.

डोळेतपासनीस | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:५५

छान. फोटो अशासाठी मागितला की पुष्कळ लोकांची एक पापणी आधीपासूनच थोडी उतरलेली असते आणि ते नकळत कपाळाने ती उचलून धरत असतात. बोटॉक्सने कपाळ शिथिल झालं की ते झाकलेलं उघडं पडतं, आणि सगळं खापर इंजेक्शनवर फुटतं. तुमचं तसं दिसत नाही.

आता काय झालं असावं ते सांगतो. आठ्या पाडणारा स्नायू भुवईच्या आतल्या टोकापाशी असतो. बोटॉक्स त्याच्यासाठी. नसेच्या टोकातून स्नायूला ‘आवळ’ असा निरोप देणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, बोटॉक्समधलं विष ते सुटणंच बंद पाडतं. पण विषाला स्नायूंची नावं माहीत नसतात. टोचा डोळ्याच्या खोबणीच्या हाडाला फार जवळ पडला किंवा औषध खाली पसरलं, तर ते खोबणीपुढच्या पातळ पडद्याआड उतरून पापणी उचलणाऱ्या स्नायूला गाठतं. त्याचं नाव लिव्हेटर. म्हणून बाहेरच्या बाजूचे टोचे हाडाच्या कडेपासून निदान १ सेंटिमीटर वर द्यायचे, असा दंडक आहे.

उजवा डोळा वटारलेला दिसतो तो बिघडलेला नाही. मेंदू दोन्ही पापण्यांना एकच हुकूम सोडतो. डावी उठेना म्हणून हुकूम चढ्या आवाजात सुटतो, तो उजवीलाही ऐकू जातो.

उपायाचं सांगायचं तर, पापणीच्या गाडीला दोन बैल असतात असं समजा. थोरला बैल लिव्हेटर. तो बसलाय, आणि बसलाय तोवर त्याला उठवणारं औषध कुठेच नाही. विष नसेत शिरल्यावर उताराही चालत नाही, कोमट पाणी तर नाहीच. नसेला नवे फुटवे येतात, जुनं टोक दुरुस्त होतं, मग तो आपणहून उठतो. धाकटा बैल म्हणजे म्युलरचा स्नायू. तो वेगळ्या नसांवर चालतो, बोटॉक्सने तो अडत नाही. त्याला चाबूक दाखवता येतो. तोच हे थेंब करतात. जर्सीकरांनी सांगितलेलं ऑक्सिमेटाझोलीन एक. दुसरं आणि जुनं ॲप्राक्लोनिडीन, ०.५ टक्का. ते मुळात काचबिंदूत डोळ्याचा दाब उतरवायला काढलेलं औषध, पापणीसाठी आम्ही ते त्याच्या मूळ कामाबाहेर वापरतो. मिळतात किती, तर १ ते २ मिलिमीटर, तेही काही तासांपुरते. आकडा लहान वाटेल. पापणीच्या बाबतीत १ मिलिमीटर म्हणजे झोपलेला माणूस आणि जागा माणूस एवढा फरक.

थेंब स्वतःच्या मनाने घेऊ नका. रक्तदाब, हृदयविकार, नैराश्यावरच्या काही गोळ्या, काचबिंदूचा एक प्रकार, या सगळ्यांची चौकशी आधी करावी लागते. कोल्हापुरातच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ‘संध्याकाळी आणखी वाईट’ हे तुमचं वाक्य मला तपासल्याशिवाय सोडवत नाही.

सीमाभागातला | ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यावर लिहितो. आम्ही निपाणीचे. वडिलांची उजवी पापणी संध्याकाळी पडायची, सकाळी ठीक. वय झालं म्हणून आम्ही सहा महिने काढले. मग जेवताना घास गिळेना. मायस्थेनिया निघाला, म्हणजे वापरू तसे स्नायू थकत जाण्याचा आजार. एका डॉक्टरांनी रुमालात बर्फ गुंडाळून दोन मिनिटं पापणीवर धरला आणि ती आमच्यासमोर वर गेली, तेव्हा कुठे दिशा मिळाली. आता गोळ्यांवर व्यवस्थित आहेत, ऊस बघायला रोज जातात. ताईंना घाबरवायला नाही लिहिलं, पण ‘बोटॉक्समुळेच असेल’ असं धरून बसू नका.

डोळेतपासनीस | ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१२

अगदी हेच म्हणायचं होतं. मायस्थेनिया असलेल्याला बोटॉक्स द्यायचंच नसतं. आणि कधी कधी तो लपलेला आजार बोटॉक्सनंतरच पहिल्यांदा तोंड दाखवतो.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: पापणीबरोबर एकाचे दोन दिसणं, बाहुली मोठी होणं, अचानक प्रचंड डोकेदुखी, घास अडकणं, आवाज बदलणं, श्वास लागणं, यातलं एकही असेल तर धागा वाचत बसू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा.

इतिहासवेडा | ४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

थोडं अवांतर. या विषाचं नाव लॅटिन ‘बोटुलस’वरून आलंय, म्हणजे सॉसेज. जर्मनीत यूस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने १८२० च्या सुमारास सॉसेज खाऊन मरणाऱ्या लोकांची लक्षणं नोंदवली. पापण्या पडणं त्यात होतंच. गृहस्थ कवीही होता. पुढे १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला आलेल्या बँडवाल्यांनी हॅम खाल्लं आणि त्यातले काही दगावले. त्या हॅममधून व्हान एरमेंगेमने जंतू शोधला.

गंमत पुढे आहे. हे औषध म्हणून आणलं ते डोळ्याच्याच डॉक्टरने. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉटने तिरळेपणासाठी. १९८९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी. व्हँकुव्हरच्या डॉ. जीन कॅरुथर्सही डोळ्यांच्याच. पापण्यांसाठी टोचलेल्या बाईच्या आठ्या गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं, नवरा त्वचेचा डॉक्टर, मग काय! आठ्यांसाठीची अमेरिकेतली मंजुरी थेट २००२ ची.

म्हणजे डोळ्याचं औषध कपाळावर गेलं आणि ताईंच्या बाबतीत परत माहेरी आलं.

पेठेतला_पंत | ४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

इवे, शेवटचं वाक्य फक्कड. बाकी आमच्याकडे कपाळावरच्या आठ्या ही कमावलेली मालमत्ता समजतात.

डोळेतपासनीस | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

इतिहासवेडा, त्यात माझी एक भर. आम्ही काही रुग्णांची पापणी याच औषधाने मुद्दाम पाडतो. बुबुळाला जखम आहे, डोळा मिटत नाही, पापणीला टाके घालायचे नाहीत, अशा वेळी लिव्हेटरमध्येच टोचायचं. पापणी दोन-तीन महिने दारासारखी बंद राहते, आतली जखम भरते, आणि मग दार आपोआप उघडतं. रंकाळाकाठ, हे तुमच्यासाठी लिहितोय. तिथे सगळी मात्रा त्या स्नायूत जाते आणि तरी तो उठतो. तुमच्या पापणीला वाट चुकून थेंबभर गेलंय. बहुतेकांचं तीन-चार आठवड्यांत सुधारायला लागतं, काहींना सहा-आठ लागतात.

तिखटमीठ | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

माझा प्रश्न वेगळा आहे. टोचलं कुणी? डॉक्टरने की पार्लरवालीने? हल्ली फेशियलच्या दरपत्रकात खाली बोटॉक्स लिहिलेलं असतं.

रंकाळाकाठ | ५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

तिखटमीठ, तुमचा हा प्रश्न मात्र वर्मी लागला. पांढरा कोट होता, नाव विचारलं नाही. मी पतसंस्थेत पाचशे रुपयांच्या खात्यालाही ओळखपत्र मागते, आणि स्वतःच्या कपाळात सुई घालणाऱ्याला नाव विचारलं नाही.

आज दुपारी जाऊन विचारून आले. कुठली कंपनी, किती युनिट, कुठे टोचलं, हे लिहून द्या म्हटलं. आधी ‘फाइल सिस्टीमला आहे’. मी म्हटलं, मी बसते, सिस्टीम उघडू दे. पाऊण तासाने चिठ्ठी मिळाली: कंपनीचं नाव, २४ युनिट, पाच जागा. टोचणारे डॉक्टर आहेत, पण त्वचेचे नाहीत. घरी येऊन मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत नाव पाहिलं, ते निघालं.

आणि एक कबुली. टोचल्यावर त्याच संध्याकाळी मी डोक्याला तेल लावून घेतलं. बाई कपाळ, भुवया सगळं रगडते. त्यामुळे झालं का?

डोळेतपासनीस | ५ फेब्रुवारी, रात्री १०:४०

सांगता येणार नाही. पहिले चार तास आडवं होऊ नका, त्या दिवशी चोळू नका, असं आम्ही सांगतो. पण त्याला भक्कम पुरावा आहे असं नाही, ती सावधगिरी आहे. टोच्याची जागा आणि खोली यांचा वाटा माझ्या मते मोठा. मात्र ‘आज मालिश नको’ हे त्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं.

२४ युनिट हा आकडा वेडावाकडा नाही. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मूळ बोटॉक्सची नेहमीची मात्रा २० युनिट, पाच जागी चार-चार. डिस्पोर्ट नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या औषधाची ५० युनिट. दोन्ही युनिटांचा मेळ बसत नाही, म्हणून कंपनीचं नाव लिहून घेतलंत ते बरं केलंत. पुढे कधी कुठेही जाल तर ती चिठ्ठी दाखवा.

आणि त्वचेच्या, प्लास्टिक सर्जरीच्या, अगदी आमच्या डोळ्यांच्या उत्तम डॉक्टरच्या हातूनही हे होतं. मूळ कंपनीच्या माहितीपत्रकात आठ्यांवरच्या चाचण्यांत ३ टक्के लोकांची पापणी पडल्याचं छापलेलं आहे. चूक झाली की नाही यापेक्षा, झाल्यावर फोन ठेवला, याचा मला जास्त राग आलाय.

खासबागची_पोरगी | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

डॉक्टर, मग माझ्या भुवईला हे थेंब चालले असते काय?

डोळेतपासनीस | ६ फेब्रुवारी, दुपारी २:१०

नाही. भुवई उचलणारा कपाळाचा स्नायू एकटाच असतो, त्याच्या जोडीला धाकटा बैल नाही. तिथे वाट बघणं हाच उपाय. (क्वचित जाणकार डॉक्टर भुवई खाली ओढणाऱ्या स्नायूत थोडं औषध देऊन तोल साधतात. ते ज्याने चूक केली त्याच्याकडून करून घेऊ नये.)

रंकाळाकाठ | ७ फेब्रुवारी, रात्री ८:३०

आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. बाई आहेत, शांत. आधी नजर, मग बाहुल्या, मग डोळे चारी बाजूंना फिरवायला लावले. नंतर छताकडे एकटक बघायला सांगितलं, पापणी हळूहळू उतरते का ते बघायला. उतरली नाही. डोळ्याचा दाब, रक्तदाब, गोळ्या कुठल्या चालू आहेत, सगळं विचारलं. मग छोट्या पट्टीने मोजलं: बाहुलीच्या मध्यापासून पापणीच्या कडेपर्यंत उजवीकडे ४ मिलिमीटर, डावीकडे दीड. चार-पाच असायला हवं म्हणे.

मग त्यांनी स्वतः एक थेंब घातला आणि बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने आत बोलावून मोजलं तर ३! आरशात बघितलं आणि मला तिथेच हुंदका आला. बाई म्हणाल्या, रडू नका, थेंब वाहून जाईल.

ॲप्राक्लोनिडीन लिहून दिलंय, दिवसातून तीनदा, गरज असेल तेव्हाच. महिनोन्‌महिने घालायचं नाही, डोळे लाल होतात, खाज सुटते. दुकानात मात्र लगेच मिळालं नाही. तिसऱ्या मेडिकलवाल्याने मागवून दिलं, दोन दिवस लागतील म्हणाला. अंधारात स्कूटर चालवायला मनाई. आणि लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आधीच चार दिवस घालून बघा, ही त्यांची सूचना मला फार आवडली. पुरणपोळीसुद्धा आपण आधी एक लाटून बघतोच की.

तूपरोटी | ७ फेब्रुवारी, रात्री ९:०५

चांगलं झालं. माझं तूप मागे घेतो. वरणावर घ्या.

जर्सीकर | ८ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

थेंबांचा अंमल उतरल्यावर फोटो काढायचे असतील तर माझ्या मुलीकडे पापणीला लावायची पारदर्शक टेप आहे. पापणीला घडी पाडते, बाहेरून दिसत नाही. मेकअपवालीकडे असेल.

रंकाळाकाठ | १२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

तीन दिवस थेंब चालू आहेत. सकाळी घातला की तीन-चार तास धाकटा बैल ओढतो. मग संपलं, बसला. तोंड थोडं कोरडं पडतं, डोळा किंचित लाल. दुपारनंतर घालायचा कंटाळा करते.

टेप करून पाहिली, मला जमली नाही. डोळा मिटेना, पाणी यायला लागलं.

एका गोष्टीचं हसू येतं. आठ्या खरंच गेल्यात. काउंटरवर काल एक आजोबा म्हणाले, ‘आज मॅडमचा मूड चांगलाय.’ काळ्या चष्म्यातूनसुद्धा!

रंकाळाकाठ | १९ फेब्रुवारी, रात्री ११:३०

लग्न पार पडलं. आज शिवजयंतीच्या मिरवणुकीतून वाट काढत घरी आले आणि पाय वर करून लिहितेय.

मुहूर्त १२:२० चा. साडेअकराला बाथरूममध्ये थेंब घातला आणि अंतरपाटापर्यंत डोळा जागा होता. काळजी होती ती वहिनीची, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. गुजरीतून घेतलेला नवा साज घातला होता, तोही तिने दुरूनच ओळखला. जेवणाच्या वेळी, म्हणजे थेंब उतरायच्या बेतात, ती मला पंगतीतून बाजूला घेऊन गेली. मी मनात म्हटलं, आता उत्तर काय द्यायचं? तर म्हणते, ‘वन्सं, कपाळ कसलं गुळगुळीत दिसतंय! काय लावताय सांगा की, मी कुणाला सांगणार न्हाई.’

डोळ्याबद्दल अवाक्षर नाही. सोळा दिवस मी आरशात एकच डोळा बघत होते, आणि चारशे माणसांत कुणीही तो पाहिला नाही. फक्त नवरीने विचारलं, ‘आत्या, रडलीस का गं?’ हो म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

वहिनीला सगळं खरं सांगितलं. पापणीसकट. ती गप्प झाली, मग म्हणाली, ‘पांढरा रस्सा घ्या आणि थोडा.’

तिखटमीठ | २० फेब्रुवारी, सकाळी ९:००

वाचून बरं वाटलं. कलप लावते मी, खासबागच्या पोरीला सांगून टाकते.

खासबागची_पोरगी | २० फेब्रुवारी, सकाळी ९:०४

वाटलंच. 😂 कुठला वापरताय?

रंकाळाकाठ | १६ मार्च, रात्री ८:४५

उशिरा का होईना, कळवते. आज ४६ वा दिवस. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी उठल्यावर डोळा हलका वाटायला लागला, दुपारी परत जड. मग दुपारही हलकी झाली. ५ मार्चनंतर थेंब घातलेच नाहीत. काल डॉक्टरांनी मोजलं, डावीकडे साडेतीन. उजवीही वटारायची थांबली. आठ्या अजून गायब आहेत, पण रागावले की आता अकरातला एक पुसटसा दिसतो. थोरला बैल उठला, मिरजेच्या डॉक्टरांना दंडवत.

परत करणार का, असं तिघींनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय. अजून ठरवलं नाही. केलंच तर लग्नाच्या दोन महिने आधी, चिठ्ठी हातात घेऊन, आणि मालिशवालीला सुट्टी देऊन.

डॉक्टर, एकच शेवटचा प्रश्न. थेंबांची बाटली अर्धी उरलीय. फ्रीजमध्ये जपून ठेवू का?

डोळेतपासनीस | १६ मार्च, रात्री ९:२०

उघडून महिना झाला. टाकून द्या.